माजी राष्ट्रप्रमुख आणि जगाचं आरोग्य: खुर्ची गेल्यावर वजन उरतं का?

निशिगंध

जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष होते चार वर्षं, आणि माजी अध्यक्ष जवळजवळ चव्वेचाळीस. या दुसऱ्या, लांबलचक काळात त्यांनी जे केलं त्यावर आणि त्यांच्यासारख्या इतरांवर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतेय.

नारूपासून सुरुवात करते, कारण दुसरं इतकं स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. या रोगावर ना लस आहे, ना औषध. साठवणीच्या पाण्यातल्या सूक्ष्म जलपिसवांबरोबर अळी पोटात जाते. साधारण वर्षभराने मीटरभर लांबीचा जंत कातडी फोडून, बहुतेकदा पायातून, बाहेर येऊ लागतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढायचा, त्यात कित्येक आठवडे जातात. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि जंत तिथेच हजारो अळ्या सोडतो. उपाय तीनच: पाणी कापडाने गाळणं, पाणवठ्यात अळीनाशक टाकणं, रुग्णाला पाण्यात उतरू न देणं.

१९८६ मध्ये कार्टर यांची संस्था, कार्टर सेंटर, नारू निर्मूलनाच्या मोहिमेत उतरली, तेव्हा आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत मिळून वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत होता. २०२३ मध्ये साऱ्या जगात माणसांतले रुग्ण सापडले १४.

यात कार्टर यांचं नेमकं काय? गाळणं त्यांनी शोधलं नाही. गावोगाव फिरणारे स्वयंसेवक त्या त्या गावचेच होते. कार्टर यांनी केलं ते वेगळंच काम. १९९५ मध्ये सुदानमध्ये यादवी चालू असताना त्यांनी दोन्ही बाजूंना बसवून शस्त्रसंधी घडवली आणि ती जवळजवळ सहा महिने टिकली. एरवी जिथे पाऊल ठेवणं शक्य नव्हतं अशा गावांत त्या काळात गाळणी पोचली, लसी पोचल्या, नदीकाठच्या अंधत्वावरच्या गोळ्या पोचल्या. आरोग्य खात्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला हे जमलं नसतं, आणि पदावरच्या अमेरिकी अध्यक्षालाही नाही. त्याच्या प्रत्येक शब्दामागे त्याच्या देशाचा स्वार्थ शोधला गेला असता.

त्यांनी आणखी एक हुशारी केली. आपल्यासारखेच पायउतार झालेले आफ्रिकी नेते त्यांनी सोबत घेतले. मालीचे तुमानी तुरे पहिल्यांदा सत्ता सोडल्यावर याच कामाला लागले. नायजेरियात एकेकाळचे लष्करशहा याकुबू गोवोन १९९९ पासून राज्याराज्यांत फिरून गव्हर्नरांना भेटत राहिले. तिथला शेवटचा रुग्ण २००८ चा.

मला चर्चा हवी आहे ती यावर: हे वजन येतं कुठून, कुठे चालतं, कुठे चालत नाही? आणि निवडून न आलेल्या माणसाने जगाच्या आरोग्याची धोरणं वळवावीत का?

उंबरठा

चांगला विषय. पण पहिल्याच उदाहरणाला जोडून एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतातून नारू गेला तो कुठल्याही माजी राष्ट्रप्रमुखामुळे नाही. आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्येच सुरू झाला होता, म्हणजे कार्टर सेंटर यात येण्याआधी. पायविहिरी बंद केल्या किंवा त्यांच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरता येणार नाही अशी व्यवस्था केली, हातपंप बसवले, आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन रुग्ण शोधले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

म्हणून माझं म्हणणं असं की जिथे सरकार, तिजोरी आणि गावपातळीपर्यंतची यंत्रणा धड आहे तिथे अशा बड्या नावांची गरज पडत नाही. ती गरज पडते तिथली मूळ अडचण वेगळी असते. आपण नाव लक्षात ठेवतो आणि हातपंप बसवणाऱ्याला विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निशिगंध

उंबरठा, हातपंपाच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. म्हणूनच मी ‘नेमकं काय’ असं विचारलं. राजस्थानात सरकार पोचत होतं. दक्षिण सुदानमध्ये गोळीबार चालू होता. दार उघडणारा आणि आत जाऊन काम करणारा अशी दोन वेगळी माणसं लागतात, आणि पहिल्याचं काम संपल्यावर त्याने बाजूला व्हायचं असतं.

अनुस्वार

एड्सच्या औषधांच्या बाबतीत याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. जरा सविस्तर लिहितो.

२००० च्या सुमारास एचआयव्हीच्या तीन औषधांच्या उपचाराचा खर्च माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत लाखो माणसं मरत होती आणि ‘गरीब देशांना हा उपचार झेपणारच नाही’ असं जाणकार मंडळी उघडपणे म्हणत. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने हीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी जाहीर केली. हे शक्य झालं १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळत असे.

आता बिल क्लिंटन. ते अध्यक्ष असताना त्यांच्याच सरकारने दक्षिण आफ्रिकेवर व्यापारी दबाव आणला होता, कारण त्या देशाने स्वस्त औषधं मिळवण्यासाठी १९९७ मध्ये कायदा केला होता. आंदोलकांनी रान उठवलं तेव्हा तो दबाव सैल झाला आणि मे २००० मध्ये क्लिंटन यांनी आफ्रिकेपुरतं धोरण बदलणारा आदेश काढला. पद सोडल्यावर २००२ मध्ये त्यांच्या प्रतिष्ठानाने एड्सवर काम सुरू केलं आणि ऑक्टोबर २००३ मध्ये भारतातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाची स्वस्त आवृत्ती बनवणाऱ्या, कंपन्यांशी करार करून हाच खर्च वर्षाला १४० डॉलरच्या आसपास आणला.

पद्धत अगदी साधी होती. अनेक देशांची मागणी एकत्र करायची, पैसे वेळेवर मिळतील अशी खात्री कंपन्यांना द्यायची, कच्च्या मालापासून गोळीपर्यंतचा खर्च त्यांच्याबरोबर बसून तपासायचा, आणि मोठ्या खपाच्या भरवशावर दर खाली आणायचा. यातलं बहुतेक काम खरेदी आणि हिशेब जाणणाऱ्या माणसांचं होतं. पण पंतप्रधान, अर्थमंत्री आणि कंपनीचा मालक एकाच आठवड्यात भेटायला तयार होतात, ते नावामुळे.

मला यातून एक गोष्ट ठळक दिसते. क्लिंटन यांच्या आधी उपचाराची मागणी घेऊन रस्त्यावर उतरलेले दक्षिण आफ्रिकेतले रुग्ण होते, न्यायालयात लढणारे वकील होते, सिप्ला होती. माजी राष्ट्रप्रमुख आला तो तयार झालेल्या वाटेवर. त्याने ती रुंद केली. याचं श्रेय त्याला द्यायला माझी हरकत नाही, पण क्रम विसरू नये.

जलरेखा

अनुस्वार, उत्तम प्रतिसाद. मंडेलांबद्दलही लिहा ना. माझ्या मते या विषयात सगळ्यात मोठं धाडस त्यांचं.

अनुस्वार

लिहितो. मंडेला १९९४ ते १९९९ अध्यक्ष होते आणि त्या काळात एड्सकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही, हे त्यांनी स्वतःच नंतर मान्य केलं. त्यांच्यामागून आलेल्या थाबो एम्बेकींनी तर एचआयव्हीमुळे एड्स होतो का, यावरच शंका घेतली आणि औषधं रोखून धरली. त्यामुळे २००० ते २००५ या काळात ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला.

एम्बेकी त्यांच्याच पक्षाचे. पक्षाची शिस्त मंडेलांसाठी आयुष्यभराची गोष्ट. तरीही जुलै २००० मध्ये डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेच्या समारोपात ते म्हणाले की वाद पुरे, आईकडून बाळाला होणारी लागण थांबवायला लागा. २००२ मध्ये ते एड्सच्या उपचारासाठी लढणारे कार्यकर्ते झॅकी अखमत यांना घरी जाऊन भेटले. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना औषध मिळेपर्यंत मीही घेणार नाही, असा अखमत यांचा निर्धार होता. त्याच वर्षी खायेलित्शा वस्तीतल्या दवाखान्यात मंडेलांनी ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलेला शर्ट अंगावर घातला. आणि जानेवारी २००५ मध्ये आपला मुलगा मकाथो एड्सने गेला हे त्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं. ज्या देशात मृत्यूचं कारण म्हणून क्षय किंवा न्यूमोनिया एवढंच सांगायची रीत होती, तिथे हे एका बापाने सांगितलं. याची किंमत कुठल्याही अहवालात मोजता येणार नाही.

जलरेखा

धन्यवाद. हे वाचून माझा जुना प्रश्न पुन्हा वर आला: ही माणसं खुर्चीवर असताना हे का करत नाहीत?

बोट्स्वानाचे फेस्टस मोगाए बघा. त्यांनी निदान पदावर असतानाच २००२ पासून एड्सची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत फार लवकर. पण समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा कायदा रद्द करा आणि तुरुंगात कंडोम द्या, हे ते उघडपणे म्हणाले २०११ मध्ये, पद सोडल्यावर. तो कायदा अखेर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला. मधल्या वर्षांत जे दवाखान्यात जायला घाबरले त्यांचं काय?

अमली पदार्थांच्या धोरणावर २०११ मध्ये स्थापन झालेला जागतिक आयोग तर अशाच लोकांनी भरलेला. ब्राझीलचे कार्दोसो, कोलंबियाचे गाविरिया, मेक्सिकोचे सेदियो. अमली पदार्थांविरुद्धचं युद्ध फसलंय, व्यसनाकडे गुन्हा म्हणून नको, आरोग्याचा प्रश्न म्हणून बघा, सुया बदलून द्या, उपचार द्या, असं हे तिघं सांगतात. म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण पाब्लो एस्कोबारशी सशस्त्र लढाई लढणारं सरकार गाविरियांचंच होतं. या तिघांच्या हातात कायदे होते, पोलीस होते, तुरुंग होते. तेव्हा हे शहाणपण वापरलं गेलं असतं तर किती माणसं वाचली असती? मला राग येतो, खरंच.

दीपमाळ

जलरेखा, तुमचा राग समजतो, पण त्याच आयोगातलं एक नाव तुमच्या यादीत नाही. रूथ ड्रायफस. १९९० च्या दशकात झुरिकच्या बागांतून आणि जुन्या रेल्वे स्थानकात उघड्यावर हेरॉइन टोचून घेणारे शेकडो तरुण दिसत आणि त्यांच्यात एचआयव्ही झपाट्याने पसरत होता. तेव्हा स्वित्झर्लंडचं आरोग्य खातं त्यांच्याकडे होतं. त्यांनी पदावर असतानाच स्वच्छ सुया, मेथाडोन (हेरॉइनऐवजी दिलं जाणारं औषध) आणि ज्यांना कशानेच गुण येत नाही त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइन देणं सुरू ठेवलं, लोकांसमोर त्याचं समर्थन केलं, सार्वमताला तोंड दिलं. १९९९ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. म्हणजे खुर्चीवर असताना करता येतं. नंतर आयोगात त्यांच्या शब्दाला जे वजन होतं ते यामुळेच, असं मी मानते.

मी दुखणं कमी करणाऱ्या, म्हणजे उपशामक उपचारांच्या क्षेत्रात काम करते, म्हणून या आयोगाचं एक कमी चर्चेतलं काम सांगते. २०१५ मध्ये त्यांनी वेदनाशामक औषधांवर अहवाल काढला. अमली पदार्थांच्या भीतीने केलेल्या कायद्यांमुळे जगातल्या बहुतांश माणसांना शेवटच्या आजारातही मॉर्फिन मिळत नाही, हा त्याचा गाभा. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर हेच झालं. कायदेशीर अफू पिकवणारा आणि निर्यात करणारा देश आपला, आणि कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी मिळेना, कारण एका साठ्यासाठी अनेक परवाने लागत आणि एखाद्याची मुदत संपली की सगळं अडे. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली ती इथल्याच डॉक्टरांनी आणि वकिलांनी कित्येक वर्षं केलेल्या पाठपुराव्यामुळे. तरीही वेदनेने तळमळणाऱ्या माणसासाठी एखादा माजी राष्ट्राध्यक्ष बोलतो तेव्हा मला आधार वाटतो. या रुग्णांची मतपेढी नसते आणि ते मोर्चाही काढू शकत नाहीत.

दूरदेशी

ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही, आश्चर्य आहे. नॉर्वेच्या तीन वेळा पंतप्रधान, स्वतः डॉक्टर, आणि १९९८ ते २००३ जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक. त्या पदावर आलेल्या त्या एकमेव माजी सरकारप्रमुख. इतर बहुतेक महासंचालक आरोग्य खात्यांतून किंवा संघटनेतूनच वर आले, त्यांना मंत्र्यांशी बोलायची सवय. ब्रुंटलांड थेट पंतप्रधानांशी आणि अर्थमंत्र्यांशी बोलायच्या.

तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार हे त्याचं फळ. करार घडवायचा अधिकार संघटनेच्या घटनेत १९४८ पासून होता, पण तो कधी वापरलाच गेला नव्हता. ब्रुंटलांड यांनी आधी तंबाखू कंपन्यांनी संघटनेच्या आत कसा शिरकाव केला होता याची चौकशी करवली. २००० मध्ये तो अहवाल जाहीर झाला आणि कंपन्यांना वाटाघाटींच्या टेबलापासून दूर ठेवायला कारण मिळालं. मे २००३ मध्ये करार मंजूर झाला, फेब्रुवारी २००५ मध्ये लागू झाला, आज १८० हून अधिक देश त्यात आहेत. पाकिटावरची चित्रं, जाहिरातबंदी, सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी या सगळ्याला त्याने आंतरराष्ट्रीय आधार दिला.

सार्सच्या वेळी, २००३ मध्ये, त्यांनी हाँगकाँग, ग्वांगडोंग आणि पुढे टोरांटोला प्रवास टाळा असं जाहीर सांगितलं, आणि माहिती उशिरा दिल्याबद्दल चीनला नाव घेऊन बोल लावला. तेव्हाचे आंतरराष्ट्रीय नियम पटकी, प्लेग आणि पीतज्वर एवढ्यापुरतेच होते. म्हणजे कागदावर असा स्पष्ट अधिकार नसताना त्या बोलल्या. चीनसारख्या देशाला असं बोलायला आयुष्यात कधीतरी स्वतः देश चालवलेला असावा लागतो, असं मला वाटतं.

उंबरठा

दूरदेशी, पण हे उदाहरण माझ्याच बाजूने जातं. ब्रुंटलांड यांच्याकडे तेव्हा पद होतं, कर्मचारी होते, १९० च्या वर सदस्य देश होते. पद नसताना काय झालं? सप्टेंबर २०१९ मध्ये जगाची साथींसाठीची तयारी तपासणाऱ्या, त्यांच्या सहअध्यक्षतेखालच्या मंडळाने बजावलं की श्वसनमार्गाच्या रोगाची वेगाने पसरणारी साथ येऊ शकते, पाच ते आठ कोटी माणसं मरू शकतात, आणि जग तयार नाही. तीन-चार महिन्यांत कोविड आला. अहवाल बरोबर होता आणि कुणी हलवलं नाही बोट.

निशिगंध

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. कोविडनंतर तेच पुन्हा झालं. न्यूझीलंडच्या माजी पंतप्रधान हेलन क्लार्क आणि लायबेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सरलीफ यांच्या स्वतंत्र समितीने जगाने कोविड कसा हाताळला यावर मे २०२१ मध्ये अहवाल दिला.

सरलीफ यांना यातलं कुणी शिकवायची गरज नव्हती. २०१४ मध्ये इबोला आला तेव्हा त्या पदावर होत्या. त्यांच्या सरकारने मन्रोव्हियातली वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती सैन्य लावून बंद केली, लोक चिडले, चकमकीत एका मुलाचा जीव गेला, आणि साधारण दहा दिवसांत ती बंदी उठवावी लागली. पुढे गावोगावच्या लोकांना हाताशी धरूनच साथ आवरली. लायबेरियात ४,८०० हून अधिक माणसं गेली. हे सगळं जिने सोसलं आणि ज्यातून ती शिकली, तिचं म्हणणं ऐकायला हवं होतं.

समितीने काय मागितलं? श्रीमंत देशांनी १ सप्टेंबर २०२१ पर्यंत गरीब देशांना लसीच्या किमान १०० कोटी मात्रा द्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेला परवानगीची वाट न बघता साथीच्या जागी जाता यावं. राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवर एक परिषद असावी आणि दरवर्षी ५ ते १० अब्ज डॉलरचा निधी असावा. मात्रा वेळेत पोचल्या नाहीत. परिषद झाली नाही. युरोपातल्या साठ्यांत लसी मुदतबाह्य होत असताना आफ्रिकेतल्या परिचारिका पहिल्या मात्रेची वाट बघत होत्या.

म्हणून माझं मत आता असं बनत चाललंय: माजी राष्ट्रप्रमुखाला एक ठरावीक रोग, स्वतःची यंत्रणा आणि वीस-तीस वर्षं मिळाली तर तो डोंगर हलवतो. त्याच्याकडून नुसता अहवाल मागितला तर तो कपाटात जातो, कारण ज्यांनी तो अमलात आणायचा ते आजचे नेते त्याला काहीच देणं लागत नाहीत.

जलरेखा

यात पैशाचा प्रश्नही घ्या. जोझे मान्युएल बारोझो पोर्तुगालचे पंतप्रधान, मग युरोपीय आयोगाचे अध्यक्ष, मग गोल्डमन सॅक्स या बँकेत, आणि २०२१ मध्ये गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या ‘गावी’ (Gavi) या संस्थेचे अध्यक्ष झाले. टोनी ब्लेअर यांची संस्था अनेक सरकारांना सल्ला देते आणि तिला मोठा निधी येतो ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांच्याकडून. यात बेकायदा काही आहे असं मी म्हणत नाही. पण गरीब देशाचा आरोग्यमंत्री लोकांना उत्तर देतो, विधिमंडळाला देतो. हे कुणाला देतात? किमान निधीचा स्रोत आणि भेटीगाठींची नोंद जाहीर हवी.

अनुस्वार

सहमत, आणि हे बंधन सगळ्यांना सारखं हवं, आवडत्यांनाही.

फक्त एक जोडतो. जॉर्ज बुश यांच्या इराक युद्धाबद्दल माझं मत अतिशय कडवट आहे. पण २००३ मध्ये त्यांनी एड्ससाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची पेपफार योजना आणली, आणि तिने अडीच कोटी जीव वाचवले असं अमेरिकी सरकारच सांगत आलंय. २०२३ मध्ये योजनेची मुदतवाढ अडली तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून आपल्याच पक्षाला आवाहन केलं. जून २०२५ च्या अखेरीस यूएसएड ही अमेरिकेची परदेशांना मदत देणारी संस्था बंद होताना त्यांनी आणि ओबामांनी तिथल्या कर्मचाऱ्यांना निरोपाचा संदेश दिला. दोन माजी अध्यक्ष, दोन वेगळे पक्ष, एकच म्हणणं. संस्था तरीही बंद झाली. ज्या देशाचं अध्यक्षपद भूषवलं त्याच देशात माजी अध्यक्षाचा शब्द सगळ्यात कमी चालतो, असं मला दिसतं.

दूरदेशी

उंबरठा आणि निशिगंध, अहवाल कपाटात गेला हे पूर्ण खरं नाही, म्हणून लिहितो. क्लार्क आणि सरलीफ अहवाल देऊन घरी बसल्या नाहीत. दरवर्षी पुन्हा लिहीत राहिल्या, जिनिव्हात प्रतिनिधींना भेटत राहिल्या. जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम सुधारले गेले आणि २० मे २०२५ रोजी साथींचा करार मंजूर झाला, अमेरिकेशिवाय. श्रेय त्या दोघींचंच असं नाही, आफ्रिकी गटाने आणि इतर अनेकांनी जीव तोडून वाटाघाटी केल्या. पण समितीने मागितलेल्या गोष्टींचा काही भाग त्यात आहे.

खरी मेख या कराराच्या परिशिष्टात आहे. गरीब देशाने नवा विषाणू सापडताच नमुना जगाला द्यायचा, आणि त्यापासून बनलेल्या लसी-औषधांपैकी २० टक्के उत्पादन, त्यातलं किमान निम्मं मोफत, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत गरजू देशांकडे यायचं, असं हे देवाणघेवाणीचं तत्त्व. त्याचे तपशील करार मंजूर करताना ठरलेच नाहीत, वाटाघाटी पुढे ढकलाव्या लागल्या. ते परिशिष्ट मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुलाच होत नाही, आणि त्यापुढे ६० देशांचं अनुमोदन लागतं. अडून बसलेत ते मुख्यतः औषध कंपन्या असलेले युरोपातले देश. त्या देशांत माजी पंतप्रधान आणि माजी राष्ट्राध्यक्ष भरपूर आहेत, आणि त्यांच्या राजधान्यांत त्यांचे फोन अजून उचलले जातात. ब्रिटनचे गॉर्डन ब्राउन २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे आरोग्य-वित्ताचे दूत आहेत आणि लशींच्या वाटपावर त्यांनी स्वतःच्या देशालाही सोडलं नाही. बर्लिन, पॅरिस, बर्नमध्ये तसंच बोलणारे मला हवे आहेत. जलरेखा म्हणते तशी निधीची नोंद जाहीर करून, आणि ही कलमं ठरायच्या आत.